आधीच भरलेला रकाना

आमच्या हॉस्पिटलात डिस्चार्ज कार्डं टाइप करणारा एक माणूस होता. त्याला सगळे विरामभाऊ म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. हे नाव डॉक्टरांनी पाडलं. आधी ‘स्वल्पविराम’, मग तोंडात बसायला सोपं म्हणून नुसतं ‘विराम’, आणि वयाचा मान म्हणून पुढे ‘भाऊ’. कारण असं, की डॉक्टरांनी खरडलेला कागद हातात आला की विरामभाऊ आधी त्यात स्वल्पविराम शोधायचे. सापडला नाही तर कागद घेऊन तीन जिने चढून थेट वॉर्डात.

“डॉक्टर, ‘ताप नाही खोकला’ म्हणजे ताप नाही आणि खोकला आहे, की ताप आहे आणि खोकला नाही?”

डॉक्टर हसायचे, वैतागायचे. एखादा म्हणायचा, “पेशंटलाच विचारा ना जाऊन.” विरामभाऊ खरंच जाऊन विचारायचे. परत खाली यायचे, चष्मा पुसायचे, आणि तो एक स्वल्पविराम टाइप करायचे.

मी रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर बसायची. जुने केसपेपर काढून देणं, नवे लावून ठेवणं, हे माझं काम. माझ्या आणि त्यांच्या टेबलामध्ये एक लोखंडी कपाट, बस्स. एकोणीस वर्षं आम्ही त्या कपाटाच्या अल्याडपल्याड काढली. ते मला ताई म्हणायचे. घरी ते आणि वहिनी, दोघंच. वहिनी पाळणाघर चालवायच्या. दुसऱ्यांची पोरं सांभाळून त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि विरामभाऊंचा त्या मानाने बारीक राहिला होता, असं ते स्वतःच सांगायचे.

आमच्याकडे डिस्चार्ज म्हणजे एक दिवसभराचा सोहळा. सकाळी डॉक्टर म्हणाले “घरी जा”, की माणूस कपड्यांचं बोचकं बांधून खाटेच्या कडेला बसायचा तो संध्याकाळपर्यंत बसलेलाच. कार्ड टाइप होऊन वर जाणार कधी, खाट रिकामी होणार कधी. त्यात हॉस्पिटलात नवीन सिस्टीम आली. सगळ्या विभागांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले आणि अधीक्षकांनी फर्मान काढलं की कार्डांचे टेम्प्लेट बनवा. म्हणजे प्रत्येक आजाराचा एक तयार साचा. डॉक्टरने साचा उघडायचा, नाव-वय भरायचं, चार ठिकाणी खुणा करायच्या, की कार्ड छापून बाहेर.

साचे बनवणार कोण? कॉम्प्युटर विभागाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “इथे कार्ड किती प्रकारची असतात ते कुणाला माहीत आहे?” सगळ्यांनी विरामभाऊंकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, “भाऊ, हे साचे झाले की तुमचं काम काय राहणार?”

ते म्हणाले, “ताई, माझे गुडघे तरी राहतील.”

दोन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. मला हजारभर जुनी कार्डं काढायला लावली. ती जमिनीवर पसरून त्यांचे ढीग केले. हर्नियाचा ढीग, बाळंतपणाचा, हाड मोडल्याचा, तापाचा. प्रत्येक ढिगात काय सारखं आहे आणि काय माणसागणिक बदलतं, हे ते वहीत लिहीत. सारखं असेल ते साच्यात पक्कं. बदलत असेल तिथे रकाना. मी जेवायच्या सुट्टीत त्या ढिगांमधून पाय उचलून उचलून जायची.

आणि काय एकेक शब्द घासला त्यांनी! जुन्या कार्डांवर असायचं, ‘जड वस्तू उचलू नये.’ ते म्हणाले, जड म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं का? त्यांनी लिहिलं, ‘भरलेली बादली, लहान मूल, गॅसची टाकी उचलू नये. सहा आठवडे.’ वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “लहान मूल कसं नाही उचलणार? रडलं तर?” मग त्यांनी पुढे घातलं, ‘मूल रडल्यास बसून मांडीवर घ्यावे.’ शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर ते वाचून हसले, पण काढायला लावलं नाही.

सगळ्या साच्यांत एक रकाना सारखा होता: ‘कोणते औषध चालत नाही.’ ॲलर्जीचा. त्याला त्यांनी लाल चौकट दिली, आणि अशी सोय करून घेतली की तो रकाना रिकामा असेल तर कार्ड छापलंच जाणार नाही. कुणीतरी माणसाने तिथे काहीतरी लिहिलंच पाहिजे.

चौदा साचे झाले. सिस्टीम सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात दुपारी दोनच्या आत खाटा रिकाम्या होऊ लागल्या. सगळ्यांच्या बैठकीत अधीक्षकांनी पडद्यावर साचा दाखवला आणि विरामभाऊंना उभं राहायला सांगितलं. टाळ्या झाल्या. एवढ्या वर्षांत त्या माणसासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. खाली आल्यावर ते आपल्या खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, “शर्टाची गुंडी तुटलेली होती हो ताई. सगळ्यांना दिसली असेल.”

महिनाभराने कुरकुर सुरू झाली. लाल चौकटीची. शंभरातल्या नव्वद माणसांना कुठल्याच औषधाचा त्रास नसतो, मग नव्वद वेळा ‘नाही’ का लिहायचं? घाईच्या वेळी कार्ड अडतं, छपाई थांबते, नातेवाईक डोक्यावर उभे. एक दिवस अधीक्षक स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

“त्या चौकटीत आधीच ‘नाही’ घालून ठेवा,” ते म्हणाले. “ज्याला असेल, त्याचं डॉक्टर बदलतील.”

“साहेब, आधीच लिहिलेलं कुणी वाचत नाही,” विरामभाऊ म्हणाले.

“डॉक्टर आहेत ते. वाचतील.”

“मग तेवढं लेखी द्याल का?”

अधीक्षक हसले. “एका शब्दाला लेखी? इतकं सुंदर काम केलंत, आता त्याला गालबोट कशाला लावताय?” आणि गेले.

विरामभाऊंनी दोन दिवस काही केलं नाही. वॉर्डातून फोन येत राहिले. कुणीतरी म्हणालं, स्वल्पविरामाने आता पूर्णविराम द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी ते कपाटाच्या कडेने डोकावून मला म्हणाले, “काय करू, ताई?”

मी केसपेपर लावत होते. मान वर न करता म्हटलं, “करून टाका हो. कशाला वाईटपणा घेता?”

त्यांनी केलं. चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला एवढी पक्की माहीत असायचं कारण पुढे येईल.

त्यानंतर प्रत्येक विभागप्रमुखाला साच्यावर आपल्या विभागाचं नाव, आपलं चिन्ह हवं झालं. कॉम्प्युटर विभागाने सोय करून दिली: मूळ साच्याची आपापली प्रत काढून घ्या. अकरा विभागांनी प्रती काढल्या. लाल चौकटीतला तो ‘नाही’ त्यांच्यासोबत अकरा ठिकाणी गेला.

सात महिन्यांनी एक बाई खिडकीशी आल्या. पस्तिशीच्या असतील. हातात आमचं कार्ड होतं. त्यांचे वडील शिंपी. आमच्याकडे हर्नियाचं ऑपरेशन झालं, बरे होऊन घरी गेले. सात आठवड्यांनी घसा सुजला, ताप चढला, बोलता येईना. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालत नाही असं काही आहे का? मुलीने विश्वासाने कार्ड पुढे केलं. मोठ्या हॉस्पिटलचं कार्ड, त्यात सगळं असणार. डॉक्टरांनी वाचलं, ‘नाही.’ पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी त्यांच्या वडिलांचा केसपेपर काढला. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, भरती करून घेणाऱ्या सिस्टरने लिहिलं होतं: ‘पेनिसिलिनने पूर्वी अंग सुजलं होतं, देऊ नये.’ शिंप्याने स्वतःच सांगितलं असणार. सिस्टरने लिहून घेतलं होतं. नंतर ज्या डॉक्टरने कार्ड छापलं, त्याने त्या चौकटीला हात लावला नव्हता.

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “हे ‘नाही’ कुणी लिहिलं?”

विरामभाऊ टेबलावरून उठून खिडकीपाशी आले.

“कुणीच नाही लिहिलं,” ते म्हणाले. “ते आधीपासून तिथे होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी घालून ठेवलं होतं. सगळ्यांसाठी.”

“माझ्या वडिलांना विचारलं होतं का कुणी?”

“विचारलं होतं. ते दुसऱ्या कागदावर आहे.”

मी तो केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला. त्या कोपऱ्यातल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. मग रांगेतला मागचा माणूस म्हणाला, “बाई, आटपा जरा,” आणि त्या बाजूला झाल्या.

चौकशी बसली. सिस्टीममध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते, हे तोवर आम्हाला माहीतही नव्हतं. छापील कागद टेबलावर आला: अमुक तारीख, चार वाजून दहा मिनिटं, रकाना अकरावा, आधी रिकामा, नंतर ‘नाही’, बदल करणारा: विरामभाऊंचं लॉगिन. अधीक्षक म्हणाले, “मी वेळ वाचवा एवढंच म्हणालो होतो. काय वाचवायचं ते यांनी ठरवलं.”

मला साक्षीला बोलावलं. समितीतल्या एकांनी विचारलं, “अधीक्षक तुमच्या खोलीत येऊन असं काही म्हणाले का?”

त्या दिवशी अधीक्षक माझ्या टेबलाला टेकून उभे होते. त्यांच्या मनगटाखाली माझी पेन्सिल होती. मी म्हटलं, “मी कामात होते. नीट ऐकलं नाही.”

मला नोकरीची तीन वर्षं राहिली होती. हे कारण मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, अजूनही सांगते. अजून पुरलेलं नाही.

विरामभाऊ बाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर आले तर त्यांनी साक्षीचं विचारलंच नाही. म्हणाले, “ताई, मूळ साचा ते आज दुरुस्त करतील. पण प्रतींचं काय? मूळ बदलला तर प्रती बदलत नाहीत. त्या सुटलेल्या आहेत.”

तसंच झालं. ‘साचा दुरुस्त करण्यात आला आहे’ असं परिपत्रक निघालं. विरामभाऊंचं लॉगिन बंद झालं आणि त्यांना चादरी-उशांच्या कोठारात टाकलं. तिथे बसून त्यांनी आठवून आठवून अकरा प्रतींची यादी लिहिली. प्रत्येक विभागाने आपल्या प्रतीला काय नाव दिलंय तेसुद्धा: ‘हर्निया अंतिम’, ‘हर्निया अंतिम नवा’, ‘खरा अंतिम’, ‘हाच वापरा’. ती यादी घेऊन ते अधीक्षकांकडे गेले. भेट मिळाली नाही. आधी छापून गेलेल्या कार्डांबद्दल त्यांनी अर्ज दिला. चार हजारांच्या आसपास कार्डं लोकांच्या घरी पडून आहेत, सगळ्यांना पत्रं पाठवा, पत्ते रेकॉर्डमध्ये आहेत, पत्र मी लिहून देतो. उत्तर आलं की असं पत्र पाठवणं म्हणजे चूक कबूल करणं होईल, सबब विचार करता येत नाही.

मग यादी माझ्याकडे आली. मी ती घेऊन कॉम्प्युटर विभागात गेले. त्या बाई काही वाईट नव्हत्या. यादी वाचून त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, मला आता हात लावता येत नाही. चौकशीनंतर नियम झालाय. विभागप्रमुखाच्या लेखी अर्जाशिवाय कुठल्याही साच्यात एक अक्षर बदलायचं नाही.”

“चुकीचं असलं तरी?”

“चुकीचं असलं तरी.”

म्हणून मी अकरा विभागप्रमुखांचे उंबरे झिजवले. तिघांनी अर्ज दिले. एक म्हणाले, बघतो. एक म्हणाले, आमच्याकडे तर काही झालेलं नाही ना? बाकीच्यांच्या दाराबाहेर मी बसून राहायची आणि जेवायची सुट्टी संपायची. चौथ्या आठवड्यात मी जाणं सोडलं. यादी ड्रॉवरमध्ये ठेवली.

विरामभाऊंनी सोडलं नाही. डिस्चार्ज होऊन माणसं दुपारी मुख्य दारातून बाहेर पडतात. जेवायच्या सुट्टीत ते तिथे उभे राहू लागले. हातात पेन.

“जरा कार्ड बघू? तुम्हाला कुठलं औषध चालत नाही असं आहे का? कधी अंगावर पुरळ, सूज, दम लागला होता?”

बरेच जण कार्ड द्यायचे. इतक्या नम्रपणे विचारणारा माणूस हॉस्पिटलचाच असणार, असं त्यांना वाटायचं. ते ‘नाही’ खोडून माणूस सांगेल ते लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोघं सापडले. एका कॉलेजातल्या मुलीला सल्फाच्या गोळ्या चालत नव्हत्या. एका म्हाताऱ्या आजोबांना कशानेतरी जीभ सुजली होती, पण नाव आठवत नव्हतं. त्यांच्या कार्डावर विरामभाऊंनी लिहिलं, ‘पांढरी लांबट गोळी, कानाच्या दुखण्यावर दिलेली, नाव शोधावे.’ मला येऊन सांगितलं तेव्हा हातातल्या पेनचं टोपण अजून काढलेलंच होतं.

“दोन, ताई. एका आठवड्यात दोन. आणि मी फक्त अर्धा तास उभा असतो.”

तिसऱ्या आठवड्यात एका नातेवाइकाने तक्रार केली की एक अनोळखी इसम वैद्यकीय कागदावर खाडाखोड करतो. दारावरचा रखवालदार विरामभाऊंना वीस वर्षं ओळखत होता. त्याने त्यांचा दंड धरला तेव्हा तोच जास्त ओशाळला होता. “भाऊ, चला ना. मला वरून बोलणी बसतील हो,” असं म्हणत त्याने त्यांना आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून विरामभाऊ निलंबित. पुढे मुदतीआधीच निवृत्ती. निरोप झाला नाही. त्यांच्या टेबलावर छपाईचं मोठं मशीन आलं.

मी चार महिन्यांनी त्यांच्या घरी गेले. आधी जायला हवं होतं. वहिनींनी दार उघडलं. पाळणाघर बंद होतं. लोकांनी पोरं पाठवणं थांबवलं, असं त्या म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई कुजबुजत होती.

“पेपरसुद्धा वाचत नाहीत आता,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांपुढे धरतात आणि तसेच बसतात.”

विरामभाऊ आतल्या खोलीत खुर्चीवर होते. दाढी वाढलेली. मला बघून उठायला गेले, मी बसवलं. इकडचं तिकडचं झालं. वहिनी चहा आणायला गेल्या तसं त्यांनी विचारलं, “किती झाले?”

मी घरातून निघतानाच ठरवलं होतं काय सांगायचं ते.

“सगळे झाले,” मी म्हटलं.

“अकराच्या अकरा?”

“हो.”

“कुणी केले?”

“कॉम्प्युटरच्या बाईंनी. एका दिवसात.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “डोळ्यांच्या विभागाचा पण? त्यांनी तर नाव बदलून ठेवलं होतं. सापडायला कठीण गेला असेल.”

“तोही सापडला,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. वॉर्डात एखाद्या पेशंटशी बोलायचे, तितक्याच हळू आवाजात म्हणाले, “डोळ्यांच्या विभागाने प्रत काढलीच नव्हती, ताई.”

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं चहा प्यालो. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मी उठले तेव्हा मात्र दारापर्यंत आले, चपला सरळ करून दिल्या. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी मी सगळं नीट ऐकलं होतं. जिना उतरेपर्यंत ते तोंडातच राहिलं.

वर्षाच्या आत ते गेले. झोपेतच, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. मग त्यांनी खोली सोडली आणि दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेल्या. तिथला पत्ता माझ्याकडे नाही.

माझ्या निवृत्तीच्या महिन्यात हॉस्पिटलात पुन्हा नवीन सिस्टीम आली. कॉम्प्युटर विभागाच्या बाई खूश होत्या. म्हणाल्या, “या वेळी कुणाला काही नव्याने करावं लागलं नाही, ताई. जुने सगळे साचे जसेच्या तसे उचलून आणता आले.”

मी विचारलं, “प्रतीसुद्धा?”

“सगळंच,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण हातातले कागद गोळा करून त्या निघाल्या. मी ड्रॉवर रिकामा करत होते; अकरा प्रतींची ती यादी तळाशी तशीच होती. वर दुपारच्या डिस्चार्जची वेळ झाली होती. माझ्या शेजारी, जिथे त्यांचं टेबल होतं, तिथलं मशीन सुरू झालं आणि एकामागून एक कार्डं बाहेर पडू लागली.